एग फ्रीझिंगचा अनुभव: लॅबला पाच, काउंटरला दोन

आधीच सांगून टाकते, क्लिनिकचं नाव लिहिणार नाहीये. सेंट्रल लाईनला आहे, दादर ते सायनच्या मधे कुठेतरी, एवढं पुरे. माझी बीजं त्यांच्या टाकीत आहेत आणि अजून बरीच वर्षं असणारेत, तोपर्यंत त्या लोकांशी गोडीगुलाबीनेच राहायचंय. पण लिहायचं तर होतंच, कारण मी जायच्या आधी मराठीत एवढं शोधलं तर एकतर 'आजची स्त्री आणि मातृत्व' टाईप लेख मिळतात नाहीतर जाहिराती, गुलाबी बॅकग्राउंडवर हसणारं बाळ. बिल किती आलं, कोण नीट बोललं, कुठे गंडायला होतं, ते कोणी सांगतच नाही.

तर मी. वय ३४, घर डोंबिवली, ऑफिस बीकेसी. लग्न झालेलं नाही, होईल का माहीत नाही, मूल हवंय का तर बहुतेक हो, पण आत्ता नको. पीसीओएस, म्हणजे ओव्हरीचा हार्मोनचा घोळ, कॉलेजपासून सोबतीला आहे. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने गेल्या वर्षी फ्रीझिंग केलं आणि म्हणाली, "करून टाक गं, निदान रात्री दोन वाजता उठून वयाचा हिशोब करणं तरी बंद होतं." मला तो हिशोब पाठ होता, म्हणून गेले.

सुरुवातच रिसेप्शनवर अडली. फॉर्मवर 'पतीचे नाव' असा रकाना, त्याला स्टार, म्हणजे भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे सरकत नाही. मी म्हटलं लग्न झालेलं नाही. ती मुलगी म्हणते, "मॅडम, मग मी काय टाकू?" आता मी काय सांगू की काय टाक. शेवटी म्हटलं अगं २०२१ चा एआरटी कायदा आहे, टेस्ट ट्यूब वगैरे उपचारांचा, २१ च्या पुढची, ५० च्या आतली कुठलीही बाई स्वतःची स्वतः येऊ शकते, नवरा लागत नाही, आणि त्याच कायद्याखालचं तुमचं रजिस्ट्रेशन तुझ्या डोक्यामागे फ्रेम करून लावलंय. ती मागे वळून फ्रेमकडे बघून गोड हसली आणि रकान्यात एनए टाकलं, नॉट अ‍ॅप्लिकेबल. हे एनए लक्षात ठेवा.

डॉक्टर मॅडम मात्र एकदम वेगळ्या. पन्नाशीच्या असतील, केईएमला शिकलेल्या, बोलता बोलता समोरच्या कागदावर पेनाने चित्रं काढतात, तो कागद मी अजून ठेवलाय. आई बरोबर होती. केईएम ऐकून आई खुलली, कारण १९८६ च्या ऑगस्टमध्ये केईएमला हर्षा चावडा जन्मली, डॉ. इंदिरा हिंदुजांची टेस्ट ट्यूब बेबी, तेव्हा आई नुकतंच लग्न होऊन लालबागला राहत होती आणि चाळीत म्हणे आठवडाभर दुसरा विषय नव्हता, एक आजी तर सगळ्यांना विचारत फिरत होत्या की एवढंसं ट्यूबमध्ये मावलं कसं. मॅडम खो खो हसल्या. मग आईने मुद्द्याचं विचारलं, "डॉक्टर, ही आत्ता ठेवेल, पण नंतर बाळ होईलच ना?"

त्यावर मॅडम म्हणाल्या, "आई, होईलच असं मी लिहून देणार नाही. आज हिची बीजं ३४ वर्षांची आहेत, ती ३४ चीच राहतील, एवढं माझ्या हातात आहे." आणि कागदावर १५ गोल काढले. म्हणाल्या ही समजा पिकलेली फ्रीज केली. बाहेर काढताना साधारण दहातली आठ-नऊ जगतात, दोन गोल खोडले. जगली ती सगळी फलित होत नाहीत, अजून खोडले. फलित झाली ती सगळी पाचव्या दिवसापर्यंत पोचत नाहीत, बरेच खोडले. पोचली ती सगळी रुजत नाहीत. शेवटी कागदावर एक गोल आणि एक अर्धवट खोडलेला गोल उरला. आई त्या कागदाकडे बघतच राहिली. मला उलट बरं वाटलं, कारण तोपर्यंत फोनवर काउन्सेलर बाईने मिस वर्ल्ड डायना हेडनचं उदाहरण दोनदा ऐकवलं होतं, १६ बीजं फ्रीज केलेली, आठ वर्षांनी २०१६ मध्ये मुंबईतच मुलगी झाली. ते खरंय, पण ते एकीचं झालं. मला गोल खोडणारं कोणीतरी हवं होतं.

माझा एएमएच, म्हणजे बीजांचा साठा सांगणारी रक्ताची तपासणी, आला ९.१. मी घरी बसून खूष, आकडा मोठा म्हणजे माल भरपूर. मॅडम काही खूष नव्हत्या. सोनोग्राफीत दोन्ही बाजूंना बारीक बारीक फुगे, ज्यात बीजं वाढतात, मोजले तर तिशीच्या वर, मोत्यांच्या माळेसारखे ओळीत. पीसीओएसमध्ये असंच असतं. इंजेक्शन दिलं की हे सगळे एकदम उठतात आणि ओव्हरी सुजून पोटात पाणी धरू शकतं, ओएचएसएस म्हणतात, वाईट झालं तर अ‍ॅडमिट व्हावं लागतं. म्हणून त्यांनी दुसरा एक मार्गही सांगितला, आयव्हीएम. हे मी तोपर्यंत ऐकलेलंच नव्हतं.

नेहमीच्या पद्धतीत दहा-बारा दिवस इंजेक्शनं देऊन बीज शरीरातच पिकवतात आणि मग काढतात. आयव्हीएममध्ये कच्चीच काढायची, इंजेक्शनं दोन-तीन दिवस नाहीतर अजिबात नाही, आणि लॅबमध्ये डिशमध्ये २४ ते ४८ तास ठेवून पिकवायची, मग फ्रीज. आई लगेच, "म्हणजे अढीत घातल्यासारखं." आमचं गाव देवगडजवळ, आईला जगातली प्रत्येक गोष्ट आंब्यावरून कळते. मॅडम म्हणाल्या अगदी तसंच. आई म्हणाली मग त्यात काय, हापूस तर अढीतच पिकवतात. तर मॅडम म्हणाल्या, "हो, पण आंबा तयार होऊन उतरवला तर ना? कोवळा उतरवला तर अढीत पिवळा होतो, पण आत आंबटच." हे वाक्य मला पुढे फार उपयोगी पडलं, बाकीच्या चौदा पानी माहितीपत्रकापेक्षा जास्त.

त्यांचं म्हणणं असं की आयव्हीएममध्ये एका वेळेला हाताशी येणारी पिकलेली बीजं सहसा कमी निघतात, लॅबचा हातखंडा लागतो, आणि ते खरं कामाला येतं ते जिच्याकडे वेळच नाही किंवा जिला हार्मोन चालतच नाहीत तिच्यासाठी. तुझ्याकडे वेळ आहे, ओएचएसएसचा धोका आपण औषधं बदलून आवरू, साध्या मार्गाने जाऊ. म्हणजे महागातलं काहीतरी नवीन गळ्यात मारायचा चान्स होता आणि त्यांनी तो घेतला नाही. नोंद घ्यावी.

वेळ नसलेली कशी असते ते मला तिथेच बाकावर दिसलं. माझ्याहून लहान मुलगी, सोबत दादा, हातात परळच्या फायलींचा गठ्ठा, ब्रेस्टची गाठ, दोन आठवड्यांत किमो सुरू. फॉलिक्युलरच्या, म्हणजे फुगे मोजायच्या सोनोग्राफीच्या रांगेत आम्ही तीनदा भेटलो, चौथ्यांदा ती नव्हती, तिचं काढून झालं होतं. तिच्यासाठी डॉक्टरांनी दोन्ही विचार केले होते म्हणे, पाळीची वाट न बघता मधूनच इंजेक्शनं सुरू करायची किंवा सरळ कच्ची काढून लॅबमध्ये पिकवायची. काय ठरलं ते मी विचारलं नाही. नंतर वाचलं की फ्रान्समध्ये २९ वर्षांच्या ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटची कच्ची बीजं अशीच काढून, पिकवून फ्रीज केलेली आणि पाच वर्षांनी त्यातून जुलै २०१९ मध्ये तिला मुलगा झाला. तेव्हापासून ती बाकावरची मुलगी आठवली की मला हे आठवतं.

इंजेक्शनांबद्दल फार लिहीत नाही, सगळीकडे मिळतं. पेन असतं, पोटावर चिमटीत धरून मारायचं, पहिल्या दिवशी वीस मिनिटं लागली, चौथ्या दिवशी दोन. खरा त्रास लोकलचा. औषध थंड ठेवावं लागतं, सकाळी साडेसातला सोनोग्राफी, म्हणजे साडेसहाच्या आसपासची लोकल, डोंबिवलीला लेडीजमध्ये चढतानाची अवस्था माहितीये सगळ्यांना, आणि माझ्या हातात थर्माकोलचा डबा. आमच्या ग्रुपमधल्या एक काकू तिसऱ्या दिवशी म्हणाल्याच, "काय गं, रोज रोज पापलेट नेतेस की काय ऑफिसला?" मी हो म्हटलं. नंतर दोन दिवस त्या भाव विचारत होत्या. संध्याकाळचं इंजेक्शन ऑफिसच्या वॉशरूममध्ये, फ्रीजमध्ये डब्यावर माझं नाव लिहून 'डोन्ट टच', त्यामुळे उलट सगळ्यांनीच उघडून बघितलं असणार.

आणि अंडी हा शब्द. कन्सेन्टचे कागद इंग्लिशमध्ये, चौदा पानं. आईने मराठी मागितलं. आधी नाहीच म्हणाले, मग कपाटातून एक झेरॉक्सची झेरॉक्स निघाली, त्यात सगळीकडे 'अंडी'. 'मी माझी अंडी गोठवून ठेवण्यास राजी आहे.' 'अंडी खराब झाल्यास संस्था जबाबदार नाही.' त्यात तो गुरुवार, आईचा उपास, आई म्हणे आज तो शब्द पण नको, स्त्रीबीज म्हणा. सिस्टरही हसून हसून दमल्या. पण गंमत सोडा, त्याच कागदावर कामाच्या दोन गोष्टी आहेत. एक, कायद्याने बीजं जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात, पुढे ती नष्ट करायची की संशोधनाला द्यायची ते तुमच्या संमतीने. म्हणजे २५ व्या वर्षी कोणी ठेवली तर ३५ ला मुदत संपते, हे जाहिरातीत कुठेच नसतं. दुसरी, मला काही झालं तर काय करायचं. त्या रकान्यावर टिक करताना मी आईकडे बघितलं नाही आणि आईने माझ्याकडे.

पिकअप म्हणजे बीजं काढायचा दिवस सोमवार ठरला. त्याआधीचं शेवटचं इंजेक्शन, ट्रिगर, शनिवारी रात्री बरोबर साडेनऊला. पाच मिनिटं इकडे तिकडे नको असं दहा वेळा बजावतात, कारण ट्रिगरनंतर पिकायची शेवटची पायरी सुरू होते आणि ३५-३६ तासांनी काढावंच लागतं, उशीर झाला तर बीज आपलं आपण सुटून जातं. आणि महिना कुठला तर जुलै. रविवारी सकाळपासून धो धो. कुर्ला-सायनला पाणी भरलं की सेंट्रलचं काय होतं ते सांगायला नको. तीन लाखांचं काम आणि मी डोंबिवलीला अडकलेली, हे चित्र डोळ्यासमोर येऊन मला घाम फुटला. आई म्हणाली मावशीकडे हिंदू कॉलनीत जाऊन राहू. मावशीला काही सांगितलेलं नव्हतं, सिस्ट काढायचीये अशी थाप मारली. रात्री झोपताना मावशी माझ्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली, "बारानंतर पाणी पण नको ना? ठेवते नुसता, सवय म्हणून. आणि मला सगळं कळतं हां, मी पण टीव्ही बघते."

सोमवारचं थोडक्यात. झोपेचं इंजेक्शन, पंधरा-वीस मिनिटांत काम झालं, जाग आली तेव्हा वॉर्डातल्या मावशी पायात मोजे घालत होत्या आणि मी त्यांना रडत रडत थँक्यू म्हणत होते, का ते माहीत नाही. संध्याकाळपर्यंत पोट टम्म, जीन्सचं बटण लागेना, दोन दिवस शहाळं, ताक आणि मावशीचा मऊ भात. रोज वजन करायला सांगितलेलं, अचानक वाढलं किंवा लघवी कमी झाली तर फोन करा म्हणून. रात्री अकराला मी घाबरून फोन केला तर ज्युनियर डॉक्टरने दुसऱ्या रिंगला उचलला. पाचपैकी पाच.

आता मूळ मुद्दा, ज्याच्यासाठी एवढं टाईप करतेय.

सोमवारी संध्याकाळी काउन्सेलर बाईचा फोन, २१ निघाली, अभिनंदन. मंगळवारी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप, फुगे, केक, '१७ एग्ज फ्रोझन!! हॅपी जर्नी!!' मी घरभर नाचले. आईने देवापुढे साखर ठेवली. बुधवारी तपासणीला गेले तेव्हा सहज म्हटलं की मला लॅबचा कागद बघायचाय. काउन्सेलर म्हणते कशाला मॅडम, ते टेक्निकल असतं. मी म्हटलं मी ऑडिटमध्ये आहे, टेक्निकल कागद बघायचेच पैसे मिळतात मला. तेव्हा कुठे एम्ब्रियोलॉजिस्टला, म्हणजे लॅबमध्ये बीजं हाताळणाऱ्याला, बोलावलं. साताऱ्याकडचा, माझ्याच वयाचा, पायात निळे क्रॉक्स, डोक्यावर ती जाळीची टोपी तशीच. त्याने मला आत नेलं नाही, लॅबमध्ये कोणालाच नेत नाहीत, अगदी परफ्यूम लावून आलेलीही चालत नाही म्हणे, पण बाहेरच्या स्क्रीनवर माझेच फोटो लावले.

मी माझी बीजं बघितली. राखाडी गोल, भोवती काचेच्या बांगडीसारखी जाड कड. तो म्हणाला, "ताई, हे बघा, कडेच्या आत ही बारीक टिकली चिकटलीये, दिसतेय? ही पोलर बॉडी. ही दिसली म्हणजे बीज पिकलं, आम्ही एम-टू म्हणतो." दुसरा फोटो, टिकली नाही, मधोमध मोठा बुडबुडा आणि त्यात एक ठिपका. "हे एकदम कच्चं, जीव्ही." तिसरा, टिकली पण नाही, बुडबुडा पण नाही, नुसता गोल. "हे मधलं, एम-वन. निघालंय, पोचलं नाही." मग कागद दिला. २१ पैकी सोमवारी पिकलेली १३. मधली ३, कच्ची ४, एक खराब.

मी म्हटलं मग १७ कुठून आली?

तर मधली तीन आणि कच्ची चार त्यांनी टाकून न देता रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवली, त्यातली चार मंगळवारी पिकली, ती पण फ्रीज केली. १३ अधिक ४. मी आयव्हीएम घेतलं नव्हतं, पण माझ्या चार बीजांचं आयव्हीएम होऊन बसलं होतं. याला ते रेस्क्यू आयव्हीएम म्हणतात. आणि हे खरं आयव्हीएम नाही, हे त्यानेच सांगितलं, मला विचारावंही लागलं नाही. खऱ्या आयव्हीएममध्ये बीजाभोवती पेशींचा जो गुच्छ असतो तो तसाच ठेवतात, बीजाला खायला-प्यायला घालतो तोच. माझ्यात पिकलंय की नाही बघण्यासाठी तो गुच्छ आधीच एन्झाईमने सोलून काढलेला. त्यात ही सात म्हणजे ट्रिगर मिळूनसुद्धा मागे राहिलेली. डिशमध्ये टिकली येते, म्हणजे केंद्रकाचं काम उरकतं, पण भोवतीचा मसाला त्या वेगाने तयार होतोच असं नाही, त्यामुळे अशा बीजांवर तेराइतका भरवसा ठेवू नका. पिवळा झालेला कोवळा आंबा, मी म्हटलं. तो म्हणाला, "अगदी. कोणी सांगितलं?" मी म्हटलं आईने.

त्याने एक फार चांगलं काम केलेलं. ही चार त्याने बाकीच्यांत मिसळली नव्हती, वेगळ्या स्ट्रॉमध्ये, वेगळ्या रंगाच्या टोपणात, वेगळी नोंद करून ठेवलेली. म्हणजे पुढे कधी लागली तर आधी चांगल्या तेरांतली काढता येतील. एवढी नीट नोंद लॅबमध्ये, आणि बाहेर फुगे लावून '१७'. आत मोजणारा माणूस १३+४ लिहितो आणि दोन दारं ओलांडून काउंटरवर येईपर्यंत मधलं अधिकचं चिन्ह गळून पडतं. मॅडमनी काढलेल्या गोलांच्या हिशोबात ही साधी गोष्ट नाही. १७ धरून मी कदाचित म्हटलं असतं की बास झालं. १३ धरून दुसरा राउंड करायचा का यावर विचार करावासा वाटतो. मी करणार नाहीये, पण तो निर्णय १३ वर घेतलेला आहे.

लॅबवाल्याशी अर्धा तास गप्पा झाल्या, त्याला पण बहुतेक कोणी विचारत नसावं. बीज फुग्यातून बाहेर काढलं की आपोआप पिकायला लागतं हे पिंकसने १९३५ मध्येच सशात बघितलेलं. रॉबर्ट एडवर्ड्सने १९६५ मध्ये माणसाची बीजं डिशमध्ये पिकवून किती तास लागतात ते मोजलं, पुढे त्याच्याच कामातून १९७८ ची जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, आणि नोबेल थेट २०१० ला. आयव्हीएमचं पहिलं बाळ कोरियात, १९९१. आणि फ्रीज केलेल्या बीजाचं पहिलं बाळंतपण ऑस्ट्रेलियात १९८६ ला, म्हणजे आईच्या चाळीत ट्यूबची चर्चा चालली होती त्याच वर्षी. मग एवढी वर्षं सगळे का थांबले होते? तर बीज म्हणजे शरीरातल्या सगळ्यात मोठ्या पेशींपैकी एक, मिलिमीटरचा दहावा भाग, पाण्याने भरलेली. हळूहळू गार केली की आत बर्फाच्या सुया होतात आणि सगळं फाटतं. आता पाणी काढून घेऊन, त्या जागी औषध भरून, एकदम उणे १९६ च्या लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवतात, सुया व्हायला वेळच मिळत नाही, काचेसारखं होतं. विट्रिफिकेशन. त्यानंतर कुठे गाडी रुळावर आली, अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या सोसायटीने एग फ्रीझिंगवरचं 'एक्सपेरिमेंटल' लेबल २०१२ मध्ये काढलं आणि आयव्हीएमवरचं २०२१ मध्ये. टाकी दाखवा म्हटलं तर कॅमेऱ्यावर दाखवली. मला काहीतरी स्पेसशिपसारखं वाटलेलं, निघाली दूधवाल्याच्या मोठ्या कॅनसारखी, झाकणाला पोपटी टेप. लाईट गेली तरी चालतं, विजेवर नाहीच ती, नायट्रोजन वेळेवर भरत राहायचा आणि पातळी कमी झाली की अलार्म. डोंबिवलीकर म्हणून हा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारला होता.

आता बिल. पॅकेज १,६०,०००. औषधं ८२,५००, पॅकेजमध्ये नाहीत, हे फोनवर तीनदा विचारल्यावर कळलं. भूलवाल्या डॉक्टरांचे १०,०००. तपासण्या ११,२००. आणि शेवटच्या ओळीत 'एक्स्टेंडेड कल्चर' १८,०००. एकूण २,८१,७००. पहिल्या वर्षाचं स्टोरेज पॅकेजमध्ये, पुढे दरवर्षी ३०,०००. इन्शुरन्स कंपनीने हात वर केले, ते अपेक्षितच होतं.

तर हे एक्स्टेंडेड कल्चर म्हणजे त्या सात बीजांचा रात्रीचा मुक्काम. मला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी बहुधा हो म्हटलं असतं, पण १८,००० मध्ये चार डळमळीत बीजं हा सौदा माझा मी ठरवला असता ना. काउन्सेलर म्हणे, "मॅडम, कन्सेन्टमध्ये आहे." उघडून बघितलं तर अकराव्या पानावर एक ओळ, लॅबला योग्य वाटेल ती प्रक्रिया. पैशांचा आकडा कुठेच नाही. मी तिथेच बाकावर बसले, लॅपटॉप उघडला, ऑफिसचा कॉल तिथूनच घेतला. दोन तासांनी मॅनेजर आले, चहा विचारला, म्हणाले गुडविल म्हणून हे १८,००० पुढच्या वर्षीच्या स्टोरेजमध्ये अ‍ॅडजस्ट करू. रोख परत नाही, अ‍ॅडजस्ट. लेखी घेतलं. डॉक्टर मॅडमना नंतर सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला, म्हणाल्या मला हे माहीत नव्हतं, आणि मला ते खरं वाटलं, तरी क्लिनिकवर नाव त्यांचंच आहे.

जाणार असाल तर सुरुवातीलाच तोंडावर विचारा की कच्ची निघाली तर तुम्ही काय करता, त्याचे वेगळे पैसे आहेत का, आणि आकडा सांगताना त्याच दिवशीची पिकलेली आणि दुसऱ्या दिवशीची अशी दोन वेगळी संख्या द्याल का. लॅबचा कागद मागा. टेक्निकल असतो वगैरे काही नाही, एका पानाचा असतो. पावसाळ्यात करणार असाल तर पिकअपच्या आदली रात्र क्लिनिकपासून चालत जायच्या अंतरावर काढा, मावशी नसेल तर लॉज बघा. थर्माकोलच्या डब्याला पापलेट हे उत्तर चालतं.

डॉक्टर पाच. लॅब पाच, साताऱ्याच्या त्या माणसासाठी सहावा असता तर तोही दिला असता. सिस्टर आणि मावशी लोक पाच. काउंटर, काउन्सेलर, बिलिंग मिळून दोन, त्यातला एक चहाचा. टॉयलेटला कडी नव्हती, सोनोग्राफीच्या दिवशी ते फार जाणवतं.

काल स्टोरेज रिन्यूअलचा पहिला मेसेज आला. १८,००० अ‍ॅडजस्ट केलेत, बारा हजार भरायचे, हिशोब बरोबर. वर लिहिलंय, 'डिअर मिसेस अँड मिस्टर एनए.' आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "चला, आडनाव तरी कळलं."